हसत गेली, म्हणतात तुला

बाय, तुझी कामं बहुतेक उरकली. ऑक्सिजनचं मशीन कणकवलीला परत गेलं. उरलेली औषधं डॉक्टरांकडे दिली, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. साड्या वाटल्या. चष्मे तेवढे डबीत आहेत, ते कुणाला द्यायचे की ठेवायचे हे ठरत नाही. कबरीवर सध्या लाकडी क्रूस लावलाय, दगडाचा पावसाळा संपल्यावर. चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस झाली, जेवण झालं, भाड्याने आणलेली भांडी घासून परत केली. तू असतीस तर माझी यादी बघून म्हणाली असतीस, "रोझी, तुझ्या हातात दिलां तर जगाचो शेवट पण वेळेर होतलो." आणि मी, तुझी धाकटी बहीण, म्हटलं असतं, कुणीतरी करायला हवंच ना.

एक काम मात्र मला यादीत घालता येत नव्हतं. तू कशी गेलीस, हे खरं सांगायचं काम.

तू हसत गेलीस असं सगळे म्हणतात. वाडीत म्हणतात, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणतात. मालवणच्या बाजारात मासे घेताना एक बाई माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या बायचां मरण म्हंजे भागेवंत मरण." आपल्याकडे रोजच्या तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, शेवटी बऱ्या मरणासाठी एक 'आमच्या बापा' म्हणतात. लहानपणापासून म्हणत आलो. त्यामुळे कुणी गेलं की लोक आधी चेहरा बघतात. चेहरा शांत असला तर प्रार्थना पोहोचली. तुझा तर शांतच्या पुढे गेलेला, ओठांचे दोन्ही कोपरे किंचित वर. कुणीतरी शवपेटीतला फोटो काढला आणि तो चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. खाली हात जोडलेले, फुलं, आणि पुन्हा पुन्हा तोच शब्द: धन्य.

हा शब्द तुझा होता. मालवणच्या शाळेत तू गणित शिकवायचीस, पण रविवारी मिसनंतर वाडीतल्या पोरांना दोत्रीन, म्हणजे धर्माचे धडे, शिकवायला बसलीस की दर वर्षी आठ धन्यतांवर येऊन अडकायचीस. पुस्तक पुढे जायचं नाही. येशू डोंगरावर बसला आणि त्याने धन्य कोण ते सांगितलं: मनाने गरीब ते, शोक करणारे ते, सौम्य ते, न्यायासाठी तहानलेले, दया करणारे, निर्मळ मनाचे, भांडण मिटवणारे, छळ सोसणारे. पोरं पाठ करून म्हणायची. तू विचारायचीस, "आता आपल्या वाडीत ह्यातलो कोण आसा ता सांगा." मग गोंधळ. एकदा एका पोराने भर वर्गात सांगितलं, "टीचर, सौम्य म्हणजे तुम्ही, रोझी आंटी नाय." तू घरी येऊन ते मला दोनदा सांगितलंस.

सौम्य लोकांना भूमी मिळेल, असं तू शिकवायचीस, आणि चुलतभावाने कुंपण आपल्या माडांच्या आत सरकवलं तेव्हा गप्प बसलीस. मोजणी मी आणली. मी म्हटलं, "बाय, तुझ्या येशूक सांग, भूमी गावता ती मोजणीदार इल्यावर." तू हसून चहा ठेवलास. मोजणीदारासाठी.

पण खरा वाद झाला तो सुगंधाच्या होडीवरून. तो अजून मिटलेला नाही, आणि आता तुझी बाजू मांडायला तू नाहीस.

सुगंधा म्हणजे आपल्या शेजारची. तिचा नवरा मासेमारीला गेला, वारा फिरला, बाकीच्या होड्या परत आल्या, त्याची आली नाही. मी काय करायचं ते केलं. सागरी पोलिसांना फोन, देवबागच्या लोकांना फोन, होडीचा नंबर, शेवटचं कुणी कुठे पाहिलं ते सगळं लिहून घेतलं. सुगंधासाठी चहा आणि शाल घेऊन किनाऱ्यावर गेले तर तू तिच्या बाजूला वाळूत बसलेली. काही बोलत नव्हतीस. देवाचं नावसुद्धा घेत नव्हतीस. मला राग आला. इतकी शिकलेली बाई आणि नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी सापडली, नवरा जिवंत. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या होडीने ओढून आणली. सुगंधा घरोघर साखर वाटत फिरली. मी तुझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हटलं, "घे. आता झाली मा ती धन्य?"

तू म्हणालीस, "काल होती. आज ती नुसती खूश आसा."

"म्हंजे घोव बुडता बुडता बायल धन्य? कसलो गो तुझो देव?"

"काल देव तिच्या बाजूक बसलेलो. आज सगळे जमलेत, तेका बसाक जागा नाय."

"बाजूक तू बसलेलंस. देव नाय."

"मगे तो कसो येतलो असां तुका वाटता? खुर्ची मागतलो?"

मी साखरेचा डबा बंद केला आणि आत गेले. पर्यटकांच्या दोन खोल्या रिकाम्या व्हायच्या होत्या, चादरी बदलायच्या होत्या. पण माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि पुढेही मी ते सोडलं नाही: ज्याचं काहीही सुटलेलं नाही, ज्याला काहीही मिळालेलं नाही, त्याला धन्य म्हणणं म्हणजे जखमेवर मलमाऐवजी चांगला शब्द लावणं. तू म्हणायचीस, धन्य म्हणजे बक्षीस नाही गो. मग काय, हे तू मला पटेल असं कधी सांगितलं नाहीस. पुढच्या वेळी सांगीन म्हणायचीस.

शेवटच्या दिवसांत मी ते विचारलं नाही. त्या दिवसांत तू घाबरलेली होतीस.

तुला घाबरलेली मी त्याआधी पाहिलीच नव्हती. चक्रीवादळात माड पडला तेव्हा तू दार धरून उभी होतीस. आई गेली तेव्हा तूच तिला आंघोळ घातलीस आणि मला सांगत गेलीस, आता पाणी ओत, आता हात सरळ कर. अशी तू एका सकाळी माझं मनगट धरून म्हणालीस, "रोझी, माका भ्या वाटता गो."

मी मशीनकडे पाहिलं. "मशीन चालू आसा. आकडो बरो आसा."

"मशीनाचां नाय."

"मगे कसलां?"

तू बराच वेळ दम गोळा केलास. "थंय कोण नसलो तर?"

बाय, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. लाईट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला तर सिलिंडर, सिलिंडर संपला तर कणकवलीचा फोन नंबर. मी म्हटलं, "मी आसंय मा."

तू म्हणालीस, "तू हय आसंस."

त्यानंतर मला घरात भीती वाटायला लागली, ती अजून गेलेली नाही. तू म्हणजे आमची भिंत होतीस. मी मिसला जायचे ती मेणबत्त्या, फुलं, खुर्च्या बघायला. विश्वास ठेवायचं काम मी तुझ्यावर सोपवलेलं होतं. तू ठेवतेस म्हणजे घरात तो आहे, देवघरात समई असते तसा. आणि तूच विचारत होतीस, तिथे कुणी नसलं तर? मग मी कुणाला विचारायचं?

तू दुपारी गेलीस. माझं मनगट धरलेलं होतं. नजर दाराकडे होती, जसं कुणीतरी आत येतंय आणि ते कोण हे कळत नाहीये. मग पकड सुटली. मी मशीन बंद केलं आणि घर इतकं शांत झालं की मला ते पुन्हा चालू करावंसं वाटलं. तुझे डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं. ओरडायच्या आधी असतं तसं तोंड. ते मी कुणालाही बघू देणार नव्हते. दाराला कडी घातली, डोळे मिटले, आणि तुझा मिसला जाताना डोक्यावर घ्यायचा पांढरा रुमाल घेऊन हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधला. आईला तू बांधला होतास तसा. जरा जास्तच घट्ट बांधला. संध्याकाळी लोक यायला लागायच्या आधी सोडला. तोपर्यंत जबडा बसला होता आणि गाठीच्या ओढीने ओठांचे कोपरे वर गेले होते.

पहिली बाई आत आली, तुला बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "गे बाये! बघा गो, हासता!"

मी तिचं खोडून काढलं नाही. उलट मला बरं वाटलं. सगळ्या बायका रडता रडता हलक्या झाल्या. सातव्याच्या मिसला फादर प्रवचनात म्हणाले की ज्या धन्यता सेसिलिया टीचरनी आयुष्यभर शिकवल्या त्या त्यांनी मरणातही जगून दाखवल्या, मृत्यूलाही त्यांचं हसू नेता आलं नाही. मी पहिल्या बाकावर होते. तेही मला गोड लागलं. वाटलं, राहू दे, कुणाचं नुकसान नाही.

नुकसान जुआना मावशीचं होत होतं.

जुआना तुझी लहानपणापासूनची मैत्रीण. दोन घरं सोडून पलीकडे. तिची मूत्रपिंडं गेली आहेत, गोव्याच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून पाठवलंय, हे तू जायच्या आधीचं. तुझ्या मातीलाही तिला येता आलं नाही. तिने फक्त तो फोटो पाहिला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरोघर आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, द्यायला जातात, आणि तुझा सातवा नेमका त्याच दिवशी आला. ते तिच्याकडे गेले आणि तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. जन्मभर रोज मिसला जाणारी बाई. तिची सून माझ्याकडे रडत आली. "आंटी, आई म्हणतत, माका नको, माझो हक्क नाय. तुम्ही येवन बोला."

सातव्याच्या जेवणातलं तिचं ताट मी डब्यात भरून ठेवलेलं होतंच. ते घेऊन गेले. मावशी उशीला टेकून बसली होती. फोन मांडीवर. फोनवर तू.

"ह्यां बघलंस?" तिने विचारलं.

"बघलंय."

"हासता."

"जेवान हाडलंय. गरम आसा तोवर..."

"जेवान ठेव थंय. रोझी, मी रोज आरशात बघतंय. माझां तोंड असां होवचां नाय. माका भ्या वाटता. सकाळी उठल्यार वाटता, जपमाळ हातात घेतल्यार जास्त वाटता. सेसिलचो विश्वास खरो होतो, ती हासत गेली. माझो खरो असतो तर माका असां झालां असतां? सत्तर वर्षां मी नुसत्यो माळी फिरवलंय. आता खोट्या तोंडान कम्युनियन घेवन मरूचां कित्याक?"

मी डबा ठेवला. खिडकी बंद केली, पुन्हा उघडली. मला कळत होतं की आता दोनच रस्ते आहेत आणि दोन्ही भयंकर आहेत. मी गप्प बसले तर ही बाई तुझ्या फोटोकडे बघत, आपण देवाच्या कामाचे नाही असं समजून, एकटी मरणार. आणि खरं सांगितलं तर तिच्याकडचा शेवटचा आधारही काढून घेणार: जगात एकजण तरी न घाबरता गेली, हा. तुझं नावही जाणार. ती मेली तर माझ्या सांगण्याने मेली असं मला वाटत राहणार. कधी नव्हे ते मला वाटलं, कुणीतरी यावं आणि हे काम माझ्या हातून घ्यावं.

मी माझी ओढणी काढली. हनुवटीखालून घेतली, डोक्यावर गाठ मारली, ओढली.

"ह्यां काय करतंस?" मावशी म्हणाली.

दात आवळलेल्या तोंडाने मी म्हटलं, "बघ. हासतंय काय मी?"

तिने फोन उचलून माझ्या तोंडाशेजारी धरला.

मग मी ओढणी सोडली आणि सगळं सांगितलं. कडी, रुमाल, उघडं तोंड. मनगटावरचे व्रण दाखवले असते, पण ते आता गेलेत. तू काय म्हणालीस तेही सांगितलं.

"थंय कोण नसलो तर?" मावशीने शब्द पुन्हा म्हटले. "सेसिल बोलली असां?"

"होय."

"आमची सेसिल?"

"होय गो मावशी."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलायला लागले. झालं, मी म्हटलं, मोडली मी हिला. तिच्या सुनेला हाक मारणार होते. तेवढ्यात ती वळली आणि तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, खोकला येईपर्यंत हसत होती.

"मेली! माका सगळ्यो धन्यता पाठ करूक लावल्यान आणि आपण भियान अर्धी झाली! आणि हय मी मोबाइलात बघून बघून मरतंय!" मग हसू थांबलं. तिने माझा हात ओढून आपल्याकडे घेतला. "म्हंजे मी एकटी नाय."

"नाय."

"तुका वाटता काय गो भ्या?"

"वाटता."

"कित्याचां?"

"त्याचांच."

ती उशीवर मागे टेकली. मी विचारलं, कारण तुला विचारायचं राहून गेलं होतं आणि तिच्याशिवाय आता कुणी नव्हतं, "मावशी, थंय कोण आसा काय? तुका काय वाटता?"

"माका काय विचारतंस? मी अजून खंय गेलंय?" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण सेसिल तर गेली मा. आणि ती पण भियाळकरीण. आता माका तिची लाज नाय."

मग जेवण मागितलं. दोन घास खाल्ले. मी निघताना म्हणाली, "माका पण तूच बांध हां. पण इतक्या घट नको. हासतां दिसाक नको माका, लोक उगाच घाबरतले."

घरी येताना मी आठही धन्यता मनात पुन्हा तपासल्या, सामानाची यादी तपासतात तशा, एकेकीवर बोट ठेवून. गरीब आहेत. रडणारे आहेत. छळलेले आहेत. शूर कुणी नाहीत. न घाबरणारे धन्य, असं त्यात कुठेच नाही. इतकी वर्षं मी ऐकत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. चर्चच्या ग्रुपवरच्या त्या सगळ्या जोडलेल्या हातांनाही दिसलं नव्हतं. आम्ही तुला एका अशा गोष्टीसाठी धन्य म्हणत होतो जी तू कधी शिकवली नाहीस आणि जी तुझ्याकडे शेवटी नव्हती.

हा तुझा विजय म्हणू नकोस. वाद मिटलेला नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की तुला त्या दाराकडे बघताना जे दिसलं किंवा दिसलं नाही, त्यात धन्य वाटण्यासारखं काही नव्हतं. मी तिथे होते. तुझी बोटं मला लागत होती. तू धन्य असशील तर ते तुला माहीत नव्हतं, आणि मलाही अजून माहीत नाही. दुपारची जेवणं आटोपून घर शांत झालं की मी अजून एखादं काम काढते, मसाल्याचे डबे पुसते, पडदे धुवायला काढते, कारण नुसती बसले की माझ्या मनगटाला तुझी पकड जाणवते आणि तो प्रश्न पुन्हा घरात येऊन उभा राहतो. पण एक आहे. तू तो मला विचारलास. गप्प राहून, भिंत होऊन जाऊ शकली असतीस. गेली नाहीस. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, आणि हे म्हणायला मला उशीर झाला.

फादरना मी फोन करून सगळं सांगितलं, रुमालासकट. वाटलं होतं रागावतील, इतक्या लोकांसमोर त्यांनी प्रवचन केलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रवचनाआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं." आणि मग, "जुआनाबाईंकडे मी उद्या सकाळी येतो. तुम्ही असाल का?"

मी होते. मेणबत्ती लावली, पांढरं कापड घातलं, पाण्याचा पेला ठेवला. मावशीला स्वच्छ साडी नेसवलेली, केस विंचरलेले. फादरनी प्रार्थना म्हटली आणि ओस्ती, प्रसादाची ती पातळ चकती, पुढे केली. तोंडात घेणार की हातावर, असं विचारलं. मावशीने हात पुढे केला. म्हातारा, सुजलेला हात, आणि तो इतका थरथरत होता की खालचा दुसरा हातही त्याला धरता धरता थरथरायला लागला. मला वाटलं धरावा, पण मी जागची हलले नाही. ओस्ती पडेल या भीतीने फादर थांबले. आम्ही सगळेच थांबलो, हात स्थिर व्हायची वाट बघत.

मावशीने वर पाहिलं.

"तां थांबाचां नाय, फादर," ती म्हणाली. "तसांच दिया."

त्यांनी तशाच हातावर ठेवली.